मेण, माती आणि आच : गोव्यात राहून एन्कॉस्टिक चित्रे करताना

गोव्यात चित्रकलेची पदवी घेऊन सध्या ॲक्रिलिकमध्ये काम करणाऱ्या एका तरुण चित्रकर्तीने माझ्याकडे चार प्रश्न पाठवले आहेत. मधमाशीच्या वितळलेल्या मेणात रंगद्रव्य मिसळून केलेली आणि आचेने थरांवर थर एकजीव केलेली एन्कॉस्टिक चित्रे शक्यतो इथल्याच साहित्यातून करता येतील का, हा पहिला. मेण आणि राळ कोणती निवडावी, हा दुसरा. गोव्याच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ही चित्रे टिकतील का, हा तिसरा. आणि सगळे साहित्य जवळचेच असावे हा आग्रह चित्रकाराला कोठे घेऊन जातो, हा चौथा. खरा जिव्हाळ्याचा प्रश्न चौथाच आहे. मात्र त्याच्याकडे साहित्याच्या बाजूनेच जावे लागते, म्हणून आधी मेण, राळ आणि माती यांविषयी लिहितो.

चित्रे करता येतील. लाल, पिवळा, तपकिरी आणि काळा हे रंग गोव्यात पायाखाली आहेत. मेण थोड्या खटपटीने मिळते. राळ आणि पांढरा रंग मात्र बाहेरून आणावा लागेल, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. एखादी वस्तू आपल्या परसातली आहे एवढ्यावर तिला चित्रात जागा मिळत नाही. ऐंशी-नव्वद अंश सेल्सिअस तापलेल्या मेणात ती कशी वागते, उजेडात तिचा रंग राहतो की उडतो आणि दमट हवेत ती काय करते, या तीन कसोट्यांवर जी वस्तू उतरेल ती घ्यावी. या कसोट्या लावल्या की स्थानिक साहित्याच्या नावाखाली सुचवल्या जाणाऱ्या निम्म्या वस्तू आपोआप गळतात आणि उरलेल्यांचे मोल वाढते.

या माध्यमाच्या टिकाऊपणाविषयी शंका असेल तर इजिप्तमधील फायूम परिसरात सापडलेली, इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतली व्यक्तिचित्रे आठवावीत. लाकडी फळ्यांवर मेणात रंगवलेले ते चेहरे आजही ताजे दिसतात. सिनाई येथील सेंट कॅथरीन मठातील सहाव्या शतकातल्या धर्मप्रतिमाही याच पद्धतीच्या आहेत. पुढे हे तंत्र बरेच मागे पडले. विसाव्या शतकात मेक्सिकोमध्ये दिएगो रिव्हेराने १९२२-२३ मध्ये आपल्या पहिल्या भित्तिचित्रासाठी ते वापरले, आणि अमेरिकेत जॅस्पर जॉन्सच्या १९५४-५५ मधल्या ध्वजाच्या चित्रानंतर ते पुन्हा चर्चेत आले. इजिप्त आणि सिनाई या कोरड्या हवेच्या जागा आहेत, हे मात्र लक्षात ठेवावे. आपल्याकडे अडचण येते ती मेणामुळे नव्हे, तर मेणाखालच्या फळीमुळे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

आता मेण. मधमाशीचे मेण साधारण ६२ ते ६४ अंशांवर वितळते. आपल्या भागात ते तीन प्रकारे हाती येते. पेटीतल्या सातेरी माशीचे मेण थोडे आणि स्वच्छ असते. रानातल्या आग्या माशीच्या पोळ्यांचे मेण भरपूर असते, पण काळपट आणि कचऱ्याने भरलेले असते. तिसरे म्हणजे युरोपीय माशीच्या पेट्या घेऊन फिरणाऱ्या मधपाळांचे मेण. आपल्या देशी माश्यांचे मेण रासायनिकदृष्ट्या युरोपीय माशीच्या मेणाहून थोडे वेगळे असते. त्यात मुक्त आम्लांचे प्रमाण बरेच कमी असते आणि हाताला ते किंचित जास्त लवचीक लागते. चित्रासाठी दोन्ही चालतात, पण एका चित्रात दोन्हींची सरमिसळ करू नये, कारण त्यांचे थर सारख्या गतीने मऊ होत नाहीत. मध विकणाऱ्याकडे मेणाची चौकशी करताना पोळे कोठून आले हेही विचारावे. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव यांसारख्या अभयारण्यांतून विनापरवाना काढलेले पोळे घेणे म्हणजे बेकायदा कामाला हातभार लावणे.

कच्चे पोळे घरी आणून ठेवून देऊ नये. मेणकिड्याच्या अळ्या पोळ्यातल्या परागावर आणि कातेवर वाढतात आणि बघता बघता पोळ्याची जाळी करून टाकतात. गाळून शुद्ध केलेल्या मेणाकडे त्या फारशा फिरकत नाहीत. पोळे भिजवून कापडात बांधावे, पाण्यात मंद आचेवर वितळू द्यावे, पिळून घ्यावे आणि भांडे झाकून रात्रभर निवू द्यावे. सकाळी वर मेणाची चकती मिळते आणि तिच्या तळाला चिकटलेला गाळ सुरीने खरवडता येतो. यासाठी भांडे स्टीलचेच हवे. लोखंडाने मेण काळवंडते आणि तांब्या-पितळेने हिरवट होते. पाणी मृदू असावे, कारण जड पाण्यातील क्षार मेणातल्या आम्लांशी संयोग पावून साबणासारखा चिकट गाळ तयार करतात. पागोळ्यांचे पाणी साठवण्याची सोय आपल्याकडे वर्षातले चार महिने आहेच. या कामाला त्याच्यासारखे दुसरे पाणी नाही. फिकट रंगांसाठी पिवळे मेण चालत नाही, निळा त्यात हिरवट होतो. मेणाच्या पातळ कात्र्या काढून त्या हिवाळ्यातल्या सकाळच्या उन्हात पसरल्या आणि अधूनमधून पाणी शिंपडले तर त्यांचा पिवळेपणा हळूहळू उतरतो. एप्रिल-मे महिन्यांत हा उद्योग करू नये. दुपारी गच्चीवर कात्र्यांऐवजी मेणाचे थारोळे सापडेल.

बाजारात मधमाशीचे मेण म्हणून विकले जाणारे पुष्कळ मेण पॅराफिनमिश्रित असते. जुन्या गोव्याच्या फेस्ताला मिळणाऱ्या मेणबत्त्या आणि नवसाचे मेणाचे हात-पाय हे बहुधा पॅराफिनचेच असतात. नवसाला ते पुरते, चित्राला पुरत नाही, कारण पॅराफिन ठिसूळ आणि धुरकट राहते. हातात धरून ओळखायचे तर खरे मेण मोडल्यावर मोडलेली कड रवाळ दिसते, पॅराफिनची कड गुळगुळीत आणि बोटांना तेलकट लागते. अधिक खात्रीची परीक्षा घनतेची आहे. खऱ्या मेणाची घनता ०.९५ ते ०.९७ असते, पॅराफिनची ०.९ च्या आसपास. ग्लासात स्पिरिट (अल्कोहोल) आणि पाणी अशा बेताने मिसळावे की खात्रीच्या मेणाचा तुकडा मध्येच तरंगत राहील. त्याच द्रवात विकतच्या मेणाचा तुकडा टाकावा. तो वर आला तर त्यात भेसळ आहे असे समजावे. तुकड्यात हवेचा बुडबुडा अडकलेला नाही एवढे मात्र आधी पाहून घ्यावे.

राळेच्या बाबतीत अधिक सावध राहावे. मेणाला कठीणपणा आणि झळाळी देण्यासाठी त्यात डमार ही राळ घालतात. वजनाने आठ भाग मेण आणि एक भाग डमार हे रूढ प्रमाण आहे, म्हणजे चारशे ग्रॅम मेणाला पन्नास ग्रॅम. चित्रकलेच्या साहित्यात मिळणारी डमार आग्नेय आशियातून येते. सह्याद्रीतही धूपाच्या झाडांपासून राळ मिळते आणि काष्ठौषधींच्या दुकानांत राळ, चंद्रस, धूप या नावांनी निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात, पण नावावर विसंबून काही घेऊ नये. साधी राळ म्हणून हाती येते ते बऱ्याचदा पाइनचे रोझिन असते. ते ठिसूळ असते, चिकट राहते आणि काळाबरोबर गडद होत जाते. तुकडा स्पिरिटमध्ये टाकला आणि पूर्ण विरघळून द्रव स्वच्छ राहिला तर ते रोझिन; डमार पूर्ण विरघळत नाही, पांढरट ढग आणि गाळ मागे ठेवते. आपल्याकडच्या काळ्या धुपाचा रंग इतका गडद असतो की फिकट रंगात तो घालता येत नाही, पण लाल आणि काळ्या रंगांत त्याचा खोल तपकिरी रंग मला आवडतो आणि मी तो तेवढ्यापुरता वापरतो. नव्याने शिकणाऱ्याने मात्र चित्रकलेच्या दुकानातील डमारच घ्यावी.

मेण आधी वितळवून त्यात डमारचे खडे टाकावेत आणि मिश्रण साधारण ११० अंशांपर्यंत नेऊन लाकडी काठीने हलवत राहावे. बराच वेळ राळ तळाशी च्युइंगमसारखी ताणली जाते. घाई करून आच वाढवू नये. विरघळल्यावर सालींचा कचरा सुती कापडातून गाळावा आणि मिश्रण जुन्या इडलीपात्रात ओतून चकत्या कराव्यात. ते इडलीपात्र पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये.

रंगांकडे येतो, कारण गोव्याने चित्रकाराला जे काही दिले आहे ते इथे आहे. आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, लोहाच्या ऑक्साइडांनी रंगलेला आहे. त्यातला लाल हेमाटाइटचा आणि पिवळा गोएथाइटचा. चिऱ्याच्या खाणीत एकाच भिंतीवर लाल, नारिंगी, पिवळा, जांभळट आणि पांढऱ्या शाडूसारख्या मातीचे पट्टे दिसतात. डिचोली, साखळी, सांगे या खाणपट्ट्यांत त्यात निळसर करड्या लोहखनिजाची भर पडते, आणि सांगे-रिवण भागात मँगनीजचा काळा-तपकिरी. हे सारे खनिज रंग आहेत. मेणाच्या तापमानाने त्यांना काही होत नाही आणि सूर्यप्रकाशाने ते उडत नाहीत.

माती गोळा करायला खाणपट्ट्यात शिरू नये. तिथला दगडधोंडाही कोणाच्या ना कोणाच्या मालकीचा किंवा सरकारच्या ताब्यातला असतो. रस्त्यासाठी कापलेली टेकडी, विहिरीचा उपसा, घराच्या पायासाठी काढलेला खड्डा, या ठिकाणी मालकाला विचारून मूठभर माती मिळते, आणि चित्राला खरोखर मूठभरच लागते. ती बादलीभर पाण्यात ढवळावी, वाळू तळाशी बसेपर्यंत मिनिटभर थांबावे आणि वरचे गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतावे. दुसऱ्या बादलीतून तिसरीत ओतताना जास्त वेळ थांबावे. शेवटी जी बारीक साय तळाशी बसते तेच रंगद्रव्य. किनाऱ्याजवळची किंवा खाजनाजवळची (खाडीकाठच्या खारजमिनीजवळची) माती असेल तर मीठ जाईपर्यंत पाणी पुन्हा पुन्हा बदलावे, कारण मीठ हवेतली ओल खेचते आणि पावसाळ्यात मेणाखाली पाणी धरते. खाजनाचा काळा चिखल मोहात पाडतो, पण तो चिखल धुवूनही बेभरवशाचा असतो. तापवला की गंधकाचा उग्र वास येतो आणि काळा रंग निघून जातो. त्याच्या वाटेला जाऊ नये.

वाळलेली माती पाट्यावर पाणी घालून ओलीच वाटावी. कोरडी वाटली तर सिलिका आणि मँगनीजची धूळ छातीत जाते, आणि मँगनीजची धूळ मज्जासंस्थेला बाधते. वाटल्यावर ती पुन्हा वाळवून तव्यावर चांगली कोरडी करावी. ओलसर माती गरम मेणात टाकली की मेण फसफसते आणि थरात बारीक छिद्रे राहतात. पिवळी माती कोरडी करताना आचेवर लक्ष असावे. अडीचशे-तीनशे अंशांच्या दरम्यान गोएथाइटमधले पाणी निघून जाते आणि त्याचे हेमाटाइट होते. लोखंडी तव्यावर पिवळ्या मातीच्या कडा आधी नारिंगी होतात, मग ती लाली मध्याकडे सरकत जाते. गरम असताना हा लाल रंग असतो त्याहून बराच काळपट दिसतो, म्हणून चिमूटभर माती बशीत काढून निवल्यावरच रंग पारखावा. मध्येच थांबवले तर पिवळ्या आणि लालच्या दरम्यानचे विटकरी, केशरी, बदामी असे पाच-सहा रंग एकाच मातीतून मिळतात. बाजारातल्या नळीत हे रंग वेगवेगळ्या नावांनी विकले जातात; इथे ते एकाच खड्ड्यातले असल्यामुळे एकमेकांशेजारी विलक्षण सहज बसतात.

खनिजाचा दुसरा चमत्कार निळसर करड्या लोहखनिजात आहे, ज्याला खाणीवर ब्लू डस्ट म्हणतात. भरड ठेवले तर ते मेणात पोलादी करडे, किंचित जांभळे आणि चमकदार दिसते. तेच वाटत गेलात तर पाट्यावर तुमच्या डोळ्यांदेखत लाल होत जाते, कारण हेमाटाइटचा कण जितका बारीक तितका तो लाल. एकाच द्रव्याचे दोन रंग केवळ वाटण्याच्या मेहनतीवर ठरतात, ही गोष्ट विकतच्या रंगांवर वाढलेल्या चित्रकाराला एकदा हाताने अनुभवायला हवी. हेमाटाइटची घनता पाचाहून जास्त आहे, मेणाची एकाहून कमी. म्हणून रंग भांड्यात सारखा तळाला बसतो. दर वेळी ब्रश बुडवण्यापूर्वी ढवळावा लागतो आणि चकती निवताना हलवत राहिले नाही तर वरून फिकट आणि खालून गच्च अशी चकती मिळते. मेणाच्या वजनाच्या पाव भाग रंगद्रव्यापासून सुरुवात करावी आणि नंतर आपल्या हाताप्रमाणे कमी-जास्त करावे.

काळ्यासाठी करवंटीचा कोळसा उत्तम. तो पूर्ण जळालेला असावा. अर्धवट जळालेल्या करवंटीतले तेल मेणात तपकिरी उतरते. पांढऱ्याची गोष्ट मात्र निराळी. शिंपल्यांची पूड किंवा चुना ही आपल्याकडची सहज सुचणारी पांढरी द्रव्ये, आणि दोन्ही इथे निरुपयोगी ठरतात. शिंपल्याच्या पुडीतील कॅल्शियम कार्बोनेट आणि मेण यांचे प्रकाश वाकवण्याचे गुण इतके जवळचे आहेत की पूड मेणात जवळजवळ पारदर्शक होते आणि पांढऱ्याऐवजी राखी धुके मिळते. जुन्या घरांच्या खिडक्यांतल्या शिंपल्यांतून येणाऱ्या उजेडासारखे ते धुके कधीकधी हवेही असते, पण त्याला पांढरा म्हणता येत नाही. कळीचा किंवा भिजवलेला चुना तर मेणातल्या आम्लांशी संयोग पावून थर बिघडवतो. पांढरा हवा असेल तर टायटॅनियम डायऑक्साइड घ्यावा, त्यातही रुटाइल प्रकारचा. केरळात चवऱ्याला किनाऱ्यावरच्या इल्मेनाइट वाळूपासून तो तयार होतो. आपल्याच किनारपट्टीवर थोडे दक्षिणेला, एवढे समाधान स्थानिकाच्या आग्रहाला पुरे. निळ्यासाठी अल्ट्रामरीन घ्यावा. चुन्यात नीळ घालून रंगवलेल्या गोव्याच्या भिंती डोळ्यांत असतील तर तो परका वाटणार नाही.

हळद, भिरंड (कोकम), फणसाचे लाकूड, शेंदरी या वनस्पतिजन्य रंगांविषयी प्रत्येक कार्यशाळेत विचारले जाते. हळदीचा रंग मेणात सुंदर उतरतो आणि उजेडात काही आठवड्यांत उडू लागतो. भिरंडाचा लाल पाण्यात विरघळणारा आहे, मेणात तो मिसळतच नाही. भिरंडेल, म्हणजे भिरंडाच्या बियांचे तूप, मेणात घालण्याची शिफारसही ऐकली आहे. ते चाळीस अंशांच्या आतच वितळते. भेगाळलेल्या टाचांना लावायला ते चांगले, चित्राला घातक. शेंदूर आणि हिंगूळ यांना तर हातच लावू नये. शेंदरात शिसे असते, हिंगुळात पारा. देवाला लावतात म्हणून ते तव्यावर तापवायला निर्धोक ठरत नाहीत.

तव्याविषयी थोडे. उष्णता-नियंत्रक असलेला सपाट विजेचा तवा आणि त्यावर स्टीलच्या छोट्या वाट्या एवढी सामग्री पुरते. रंग ८० ते ९३ अंशांच्या दरम्यान ठेवावेत. तापमापक धातूचा, रंगात बुडवायचा असावा; लांबून रोखायचे इन्फ्रारेड यंत्र चकचकीत ॲल्युमिनियमवर खोटे आकडे दाखवते. मेणातून धूर निघू लागला की आच जास्त झाली असे समजावे. त्या धुरातील द्रव्ये डोळ्यांना आणि घशाला बोचतात. खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा हवा. छताचा पंखा बंद ठेवावा, कारण तो धूर खोलीभर फिरवतो आणि ब्रशवरचे मेण फळीपर्यंत पोहोचण्याआधीच थिजवतो. पावसाळ्यात वीज गेली तर बिघडत काही नाही, मेण थिजते आणि वीज आल्यावर पुन्हा वितळते. गॅसच्या उघड्या ज्योतीवर मात्र काम करू नये, आणि मेणाने पेट घेतला तर पाणी ओतू नये. भांड्यावर झाकण टाकून आच बंद करावी. ब्रश डुकराच्या केसांचे घ्यावेत, नायलॉनचे वितळतात. खरवडण्याची आणि रेघा ओढण्याची लोखंडी हत्यारे गावच्या चाऱ्याकडून, म्हणजे लोहाराकडून, करून घ्यावीत. परदेशी संचापेक्षा ती हातात चांगली बसतात.

फळीसाठी सागवान, फणस किंवा शिवणीची पाटी घ्यावी असे वाटणे स्वाभाविक आहे, पण भरीव लाकूड आपल्या हवेत जूनमध्ये फुगते आणि डिसेंबरात आकसते, आणि मेणाचा थर त्याच्याबरोबर हलत नाही. आयएस ७१० मानकाचे मरीन प्लाय घ्यावे, मागे चौकट मारावी. त्यावर ॲक्रिलिक जेसो, म्हणजे रंगवण्याआधी देतात ते पांढरे अस्तर, लावू नये. ॲक्रिलिकमधून येणाऱ्यांचा हात सवयीने त्याच डब्याकडे जातो. प्लास्टिकच्या त्या थरात मेण मुरत नाही आणि पुढे पापुद्र्यासारखे सुटते. सुताराचा सरस पाण्यात भिजवून गरम करावा, त्यात शिंपल्याची वस्त्रगाळ पूड घालावी आणि पातळ थर द्यावेत. पांढरा रंग म्हणून नाकारलेली पूड इथे शोषक अस्तर म्हणून पूर्ण कामी येते. सरसाला पावसाळ्यात बुरशी येते, म्हणून फळ्या डिसेंबर ते फेब्रुवारीत तयार करून पहिला मेणाचा थर लगेच मुरवून घ्यावा, आणि चित्र पुरे झाल्यावर पाठ व कडाही मेणाने बंद कराव्यात. मेणाला स्वतःला ओलीचे भय नाही.

उन्हाचे भय आहे, पण लोक समजतात तितके नाही. गोव्यातली सावलीतली हवा चित्र वितळवू शकत नाही. बंद गाडीत, टेम्पोच्या पत्र्याखाली आणि पश्चिमेच्या बाल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) दुपारच्या थेट उन्हात मात्र चित्र वाचत नाही. गडद पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. चित्रे पाठवायची असतील तर पावसाळ्यानंतर, रात्रीच्या प्रवासाने पाठवावीत आणि पृष्ठभागाला प्लास्टिक टेकू देऊ नये. थंडीत वर पांढुरकी साय दिसली तर घाबरू नये, तो मेणाचाच स्वभाव आहे. मऊ सुती कापडाने हलके घासले की ती जाते.

आता चौथा प्रश्न. वर सांगितलेल्या चाळणीतून गेल्यावर तुमच्या हाती पांढरा, पिवळा, लाल आणि काळा असे चार रंग उरतात, आणि सोबतीला उसना निळा. प्राचीन ग्रीक चित्रकार याच चार रंगांत काम करीत असे रोमन लेखक प्लिनीने लिहिले आहे, आणि फायूमच्या कित्येक चेहऱ्यांत मुख्यत्वे हीच रंगपेटी दिसते. चार रंग म्हणजे दारिद्र्य नव्हे. रंगांची निवड संपली की चित्रकाराचे लक्ष थराच्या जाडीकडे, पारदर्शकतेकडे, खालून वर येणाऱ्या रंगाकडे जाते, आणि एन्कॉस्टिकचे सगळे सामर्थ्य तिथेच आहे. नुसत्या माध्यमाचा, म्हणजे रंग न घातलेल्या मेण-डमारचा, थर आच लागताच वाहतो, मातीने भरलेला थर जागचा हलत नाही. थर एकजीव करण्यासाठी हीट गन (गरम हवा फेकणारे यंत्र) फिरवताना मळकट पृष्ठभागावर ओली चमक येते त्याच क्षणी पुढे सरकावे. एक क्षण जास्त थांबले की खालचा थर वर येतो. हा क्षण कधी टाळायचा आणि कधी मुद्दाम बोलवायचा, हे ठरवता येऊ लागले की चित्र तुमचे होऊ लागते.

यासाठी परदेशी चित्रकारांच्या चित्रफिती पाहण्याआधी मोरजीच्या मोरजाईच्या देवळातील आणि अडवलपालच्या शर्वाणीच्या देवळातील कावीकाम नीट पाहावे. चुन्याच्या गिलाव्यावर लाल थर देऊन तो ओला असतानाच लोखंडी अणीने खरवडतात आणि खालचा पांढरा उघडा करतात. चित्र घालून नव्हे, काढून होते. मेणात हेच करता येते, आणि त्यापुढेही जाता येते : पांढऱ्या थरात रेघ कोरावी, तिच्यात लाल मेण भरावे आणि कोमट असताना सपाट पाते फिरवून वरचे खरवडून टाकावे. रेघ पृष्ठभागात जडवल्यासारखी राहते. कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांकडेही, म्हणजे लाकडावर लाखकाम करणाऱ्या कारागिरांकडेही, एकदा जाऊन यावे. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. राळ, रंग आणि आच यांचे हे तेच नाते आहे आणि त्यांच्या हाताला किती दाबावर लाख वाहते हे डोळे मिटून कळते. या दोन्हींची नक्षी उचलून चित्रात आणू नये, असे मात्र आवर्जून सांगतो. घ्यायची ती कृती. वेलबुट्टी आणि मोर उचलले की चित्र हस्तकलेच्या दुकानातली भेटवस्तू बनते.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, आणि तेव्हापासून खाणीची लाल माती हा आपल्या कलाकारांचा आवडता विषय झाला आहे. माती खाणीतली आहे एवढ्याने चित्र खाणीविषयी काही बोलत नाही. पाहणाऱ्याला भिंतीवर लाल रंग दिसतो, त्याचा पत्ता दिसत नाही. खाणीविषयी म्हणायचे असेल तर ते रचनेत, आकारात, थर उकरण्याच्या कृतीत उमटावे लागेल. ते तिथे उमटले तर माती कोठली याला अर्थ येतो. साहित्याच्या शोधात रमून चित्र काढणे लांबणीवर टाकणारे बरेच जण मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे मातीच्या बाटल्यांची सुंदर मांडणी असते. तीन माती, एक कोळसा आणि एक पांढरा एवढे जमले की शोध थांबवून वर्षभर तेवढ्यातच काम करावे, हा माझा सल्ला आहे.

त्या वर्षात एक काम समांतर चालू ठेवावे. प्रत्येक रंगाची प्लायच्या तुकड्यावर पट्टी करावी, तिचा अर्धा भाग जाड कागदाने झाकावा आणि दक्षिणेच्या खिडकीत एक उन्हाळा व एक पावसाळा ठेवून द्यावी. कागद काढल्यावर दोन अर्ध्यांत फरक दिसला तर तो रंग विकायच्या चित्रात वापरू नये. प्रत्येक चित्राच्या पाठीवर मेण कोणत्या माशीचे, राळ कोणती, माती कोणत्या गावची आणि फळी कधी तयार केली हे लिहून ठेवावे. पुढे चित्राला तडा गेला तर दुरुस्ती करणाऱ्याला त्याच थरावर पुन्हा आच द्यायची असते आणि ही नोंद त्याला लागते. प्रदर्शनातल्या पट्टीवरही 'पूर्णतः स्थानिक साहित्य' असे लिहू नये. 'मधमाशीचे मेण, डमार, लोहयुक्त माती, करवंटीचा कोळसा आणि टायटॅनियम, प्लायवर' असे लिहावे. ते खरे असते आणि घेणाऱ्याला त्यातून चित्र कोठे टांगावे, कोठे टांगू नये, हेही विचारता येते.